जित्या आईचं श्राद्ध

इसोनाईच्या बंदरावर जो काळा दगड उभा आहे, त्याच्यासमोर रोज सकाळी झाडू मारायचं काम नोए काकिझाकी करायची. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. दगडाला लागूनच तिची सुक्या मासळीची, माकुळांची, गाडी उभी राहायची आणि आपल्या गाडीपुढं सिगारेटची थोटकं पडलेली तिला खपत नसत. दगड पुरुषभर उंच, गुळगुळीत. वर सोनेरी अक्षरांत गाण्याचं एक कडवं कोरलेलं आणि खाली पितळी पट्टीत एक लाल बटण. बटण दाबलं की दगडाच्या पोटातून गाणं वाजायचं. बसमधून उतरलेले प्रवासी आधी बटण दाबत, मग फुलं ठेवत, मग डोळे पुसत आणि शेवटी नोएच्या गाडीवर येऊन माकूळ भाजून घेत.

"आजी, तुम्ही इथल्याच ना?" एखादी बाई नाकाला रुमाल लावून विचारायची. "मग त्या माउलीला तुम्ही पाहिलं असेल."

"पाहिलं की."

"कशा होत्या हो?"

"तोंडाळ होती," नोए शेगडीवरचं माकूळ उलटत सांगायची. "आणि गुडघे दुखायचे तिचे. शेवटपर्यंत कुणी औषध म्हणून पाठवलं नाही."

हे ऐकून बाईला आणखी रडू यायचं आणि ती आणखी एक माकूळ घ्यायची. ती माउली म्हणजे नोए स्वतः होती, हे बाईला कळायचं काही कारण नव्हतं. गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि गावातलं कुणी बोलत नव्हतं.

नोएचा नवरा माकुळांच्या बोटीवर गेला तो परत आलाच नाही. पाठीमागं फुसा नावाची मुलगी, मोरिओ नावाचा मुलगा आणि एक गळकं घर. नोए बंदरावर माकुळं चिरायची, धुवायची, दोरीवर वाळत टाकायची. थंडीत बोटांना भेगा पडत, त्यात मीठ जाई आणि मग ती जी शिव्या घालायची त्या ऐकायला बाकीच्या बाया काम थांबवत. मोरिओ आईवर गेला नव्हता. तो गोरा, नाजूक आणि नकला करण्यात पटाईत. देवळातल्या भटजींची नक्कल तर तो अशी करायचा की भटजींनी एकदा त्याला कानाला धरून घरी आणलं आणि जाताना, पुन्हा एकदा करून दाखव, म्हणून हळूच सांगितलं.

शाळेतून येताना तो गल्लीच्या तोंडापासून ओरडायचा, "आई, मी आलो गं!" ओरडावंच लागायचं, कारण वाळवणावर वारा भणाणत असायचा आणि आईची पाठ असायची. नोए मान न वळवता म्हणायची, "आलास? आधी हात धू." दोघांमधलं लाडाचं बोलणं म्हणून काही असेल तर ते एवढंच. बाकी दिवसभर ती त्याला फैलावर घ्यायची.

मोठा झाल्यावर तो टोकियोला गेला. सिनेमात काम मिळालं म्हणून कळवलं, तेव्हा नोए फुसाला घेऊन शेजारच्या शहरात सिनेमा बघायला गेली. तलवारीचा सिनेमा होता. मोरिओ एका घोळक्यात पळत आला, नायकाने तलवार फिरवली आणि तो तोंड दिसायच्या आत पालथा पडला. "एवढ्यासाठी याला वाढवला?" नोए अंधारात मोठ्याने म्हणाली आणि पुढच्या रांगेतल्या माणसाने मागं वळून बघितलं. पुढं बरीच वर्षं तो असाच पडत राहिला. मग टीव्हीवरच्या एका मालिकेत त्याला एका भल्या मनाच्या खिसेकापूचं काम मिळालं आणि देशभरच्या बायका त्याच्यावर भाळल्या. तोवर त्याने नावही बदललं होतं. आता तो मिनासे क्योइची झाला होता.

त्या काळात ज्याचा चेहरा लोकांना माहीत झाला, त्याला रेकॉर्ड कंपन्या धरून माइकपुढं उभं करत. गाता येतं की नाही हे नंतर बघायचं. मोरिओचा आवाज खालच्या पट्टीत गोड होता आणि वर गेला की फाटायचा. संगीतकाराने डोकं चालवलं आणि वरची जागा कापून तिथं बोलायचा तुकडा घातला. नट आहे तर नटासारखं बोलू दे. गाणं होतं 'शेवटची बोट', आईच्या अखेरच्या क्षणी घरी पोचू न शकलेल्या मुलाचं. "तुमच्या गावाकडं घरी आल्यावर काय म्हणतात?" असं गीतकाराने विचारलं, आणि मोरिओने सांगून टाकलं. मग गाण्याच्या मध्यावर वाद्यं थांबत आणि तो म्हणे, "आई, बोट चुकली गं. उशीर झाला. पण आई..." इथं एक बारीकसा हुंदका, "...मी आलो गं."

बंदरावर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेच्या भोंग्यावर ते गाणं पहिल्यांदा वाजलं तेव्हा नोएच्या हातातून सुरी पडली. घरातलं भांडं कुणी न विचारता उचलून बाजारात मांडावं, तसं तिला झालं. बाजूच्या बाया तिच्याकडं बघत होत्या, म्हणून ती म्हणाली, "ओरडायला लागलं की याचा आवाज अजून फुटतो."

गाणं बेफाम चाललं. आणि मग एके दिवशी टोकियोहून कुबोता नावाचा कंपनीचा माणूस लाल चवळीच्या गोड वड्यांची पेटी घेऊन घरी आला. उंबऱ्याच्या आत गुडघे टेकून त्याने कपाळ थेट जमिनीला लावलं. नोएला वाटलं मोरिओचं काही बरंवाईट झालं.

"तसं नाही, आजी. एक गैरसमज झालाय."

"कुणाचा?"

"म्हटलं तर सगळ्या देशाचा." कुबोताने मान वर केली नाही. "लोकांना वाटतंय, मिनासेसानच्या आई वारल्या."

"त्याने सांगितलं, मी मेले म्हणून?"

"छे छे! ते बिचारे एक शब्द बोलले नाहीत. टीव्हीवर निवेदकाने विचारलं, गाण्यातलं तुमच्याच आयुष्यातलं ना, तर त्यांनी नुसती मान खाली घातली. आणि डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी समजायचं ते समजून घेतलं."

"लहानपणी बरणी फोडली की असाच मान खाली घालायचा," नोए म्हणाली. "बोलायचा नाही काही. मी आपली मांजराला झोडपायची."

फुसा चहा घेऊन आली होती. डबाबंद मासळीच्या कारखान्यातून ती तशीच ॲप्रन न काढता घरी आली होती. ती म्हणाली, "मग खरं सांगून टाका की. आहे जिवंत म्हणावं. त्यात काय एवढं?"

"ताई, लोकांनी उदबत्त्या पाठवल्यात. पोती भरून. एका म्हातारीने स्वतःच्या आईची जपमाळ पाठवलीय. मेलेल्यासाठी आलेली वस्तू परत कशी करायची? काय म्हणून करायची? लोक म्हणतील, आमच्या अश्रूंवर पैसे केले."

फुसाने चहा खाली ठेवला. मेलेल्यासाठी घेतलेलं परत करता येत नाही, हे इसोनाईतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नोएने एक वडी तोंडात टाकली. फार गोड होती.

"मेल्यावर मला करायचं काय असतं?"

"काहीच नाही, आजी. तुम्ही आहात तशाच राहा. फक्त त्यांच्या आई राहू नका. थोडे दिवस. गाण्याचं काय, वर्षभर वाजतं आणि विरतं. मग ते स्वतः येतील, रीतसर, पुढच्या दाराने."

नोएच्या मनात काय काय येऊन गेलं! या टाय लावलेल्या माणसाला वड्यांच्या पेटीसकट बाहेर काढावं असं वाटलं. त्याच वेळी, देशभरचे लोक ज्याच्यासाठी रडतात तो आपला पोरगा, याचा अभिमानही वाटला आणि त्या अभिमानाचीच तिला चीड आली. पण 'पुढच्या दाराने' हे शब्द तिच्या मनात रुतून बसले. टोकियोला गेल्यापासून मोरिओ घरी आला नव्हता. कधी काम होतं म्हणून, कधी काम नव्हतं म्हणून.

"त्याला सांगा," ती म्हणाली, "येताना ओरडत ये. मला हल्ली पाठीमागचं ऐकू येत नाही."

एवढ्यावर ती मेली. बदल्यात तिला दुसरं काही नको होतं. एकदा त्याने गल्लीच्या तोंडापासून ती हाक मारावी, तिने हात धुवायला सांगावं आणि त्याने घरात बसून जेवावं.

गाणं काही विरलं नाही. गावात मात्र नोएला नवीन नाव मिळालं.

"काय गं भूतबाई, आज माकूळ ताजं आहे का?" वाळवणावरच्या बाया विचारायच्या.

"तुझ्या नवऱ्यापेक्षा ताजं आहे," नोए म्हणायची. "आणि लवकर घे. रात्री येऊन मानगुटीवर बसले तर मग बोंबलू नको."

हसण्यावारी नेलं की पचतं, असं तिला वाटायचं. काही दिवस पचलंही. मग गावातल्या धर्मशाळेवजा हॉटेलचा मालक ओनोदेरा तिच्याकडं आला. गावात प्रवासी यावेत म्हणून जी समिती होती तिचा तो प्रमुख होता. बंदरावर गाण्याचा दगड उभारायचा बेत त्याच्याच सुपीक डोक्यातला.

"नोएबाई, गावाचं भलं होईल. माकुळं कमी झालीत, तरणी पोरं टोकियोला पळतायत. लोक आपल्या पोराचं गाणं ऐकायला येतील."

"आपल्या पोराचं होय? तो पालथा पडत होता तेव्हा माझा एकटीचा होता."

"तुमचं नाव नाही हो घालणार. नुसतं 'आई' लिहू."

"घाला काय घालायचं ते. मला गाडीला जागा मिळाली पाहिजे, तेवढं बघा."

दगडाच्या अनावरणाला मोरिओ स्वतः येणार होता. फुलांचा गुच्छ गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या कोळणीच्या हातून द्यायचा असं ठरलं आणि ओनोदेराने गुच्छ नोएच्या हातात दिला. तिच्याहून म्हाताऱ्या चांगल्या तीन-चार होत्या. "तेवढंच जवळून बघाल त्याला," तो म्हणाला. त्याला खरोखर वाटत होतं की आपण हिच्यावर उपकार करतोय.

नोएने आदल्या दिवशी माकुळात तांदूळ भरून ते गोडसर रश्श्यात शिजवून ठेवलं होतं. मोरिओला ते लहानपणी इतकं आवडायचं की तो भांडं चाटायचा. बंदरावर माणसं मावत नव्हती. मोरिओ काळ्या किमोनोत गाडीतून उतरला, पडदा ओढला गेला, तो दगडापुढं गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात जोडून बराच वेळ तसाच राहिला. मग नोए गुच्छ घेऊन पुढं झाली. त्याने दोन्ही हातांनी गुच्छ घेतला, कमरेत वाकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "आई, रडू नको. कॅमेरा आहे."

"मी कुठं रडतेय?" ती म्हणाली. "बारीक झालास."

त्याने ताठ होऊन माइक घेतला. "या आजींच्या डोळ्यांत," तो गर्दीला म्हणाला, "आज मला माझी आई दिसली." गर्दीतून एकच हुंदका उठला. शेजारी उभी असलेली फुसा सांगायची की त्या क्षणी आईचं तोंड तिने जन्मात पाहिलं नव्हतं इतकं सभ्य दिसत होतं. समारंभ झाला, जेवण ओनोदेराच्या हॉटेलात झालं आणि मोटार आली तशी निघून गेली. गल्ली बंदरावरून दिसते. मोटार तिकडं वळली नाही. भरलेलं माकूळ दोन दिवस फुसाने डब्यात नेलं.

त्या दिवसापासून नोएला एक खोड लागली. दगडाचं बटण कुणी दाबलं, वाद्यं थांबली आणि "आई, मी आलो गं" आलं, की तिच्या तोंडून हळूच जायचं, "आलास? आधी हात धू." मोसमात हे दिवसभर चालायचं. गिऱ्हाईकाला वाटे, म्हातारी आपल्यालाच सांगतेय. काहीजण खरंच हात धुऊन यायचे.

मग सातव्या वर्षाचं श्राद्ध आलं. मेलेल्याचं तिसरं, सातवं, तेरावं वर्ष करायचं असतं आणि मोरिओच्या चाहत्या बायकांच्या मंडळाला ते बरोब्बर आठवलं. मेल्याची तारीख कुणाला माहीत नव्हती, म्हणून कंपनीने रेकॉर्ड बाजारात आली तीच तारीख सांगून टाकली. बायका बस करून आल्या. देवळात भटजींनी मंत्र म्हणायचे आणि गावातल्या बायांनी मागच्या स्वयंपाकघरात जेवण करायचं. नोएही मुळे सोलायला बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

भटजी मधेच आत डोकावले. त्यांच्या कपाळाला घाम होता. "नोएबाई, एक विनंती आहे. बाहेर येऊ नका. तुम्ही दिसलात की मी मंत्र विसरतो."

"म्हणा तुम्ही निवांत. मला ऐकू येत नाही," नोए म्हणाली आणि तिने पळीने रस्सा चाखला. "मीठ घाल गं यात. माझ्या श्राद्धाला अळणी नको."

बाया हसल्या. हसता हसता एक जण उठून अंगणात गेली आणि बराच वेळ आली नाही. मोरिओने त्या वेळी मोठं पुष्पचक्र पाठवलं होतं. तो स्वतः कुठल्याशा नाटकात अडकला होता.

त्यानंतर दिवस फिरले. गिटार घेतलेली झिपरी पोरं आली आणि आईसाठी रडणारी गाणी लोकांना जुनाट वाटू लागली. मोरिओ आधी टीव्हीच्या रात्रीच्या कार्यक्रमांतून सकाळच्या कार्यक्रमांत गेला, मग गरम झऱ्यांच्या हॉटेलांत, आंघोळ करून सुती झगे घालून बसलेल्या पेंगुळलेल्या लोकांपुढं गायला लागला. खिसेकापूची मालिका कधीच संपली होती. बसगाड्या कमी झाल्या. दगडातली टेप झिजली, आवाज ओढल्यासारखा, जाड येऊ लागला. ओनोदेराने दुरुस्त केली नाही. बटणही अडकायला लागलं, जोरात दाबावं लागे. "याचा आवाज म्हातारा झाला," नोए फुसाला म्हणाली. अनावरणाच्या दिवसानंतर तिने तो फक्त दगडातूनच ऐकला होता.

"आता यायला काय धाड भरलीय त्याला?" फुसा चिडायची. "आता कोण विचारतंय तू मेलीस की जिवंत आहेस ते!"

"शरम वाटत असेल."

"शरम? त्याला?"

"तू गप. लहानपणी पडला की तो घरी यायचा नाही. गुडघा सुकेपर्यंत बंदरावर बसून राहायचा. येईल." आणि ती पुन्हा शेगडी फुंकायला लागायची. आपण त्याची बाजू घेतो याचा तिला रागही यायचा. पण घेतल्यावाचून राहवत नव्हतं.

एका शरद ऋतूत कारखान्यात फुसाला फोन आला. कुबोता होता. ताटातूट झालेल्या माणसांची गाठ घालून देणारा एक कार्यक्रम टीव्हीवर तेव्हा जोरात चालला होता. मेली म्हणून जिला देशाने रडून घेतलं ती आई जिवंत सापडते, हे कार्यक्रमवाल्यांना भलतंच पसंत पडलं होतं. मिनासेसानचं नाव पुन्हा वर येईल, कंपनी नवं गाणंही काढेल.

"पण इतकी वर्षं त्याला माहीत नव्हतं असं कसं सांगणार?" फुसाने विचारलं.

"तेवढं तुम्ही सांभाळून घ्या, ताई. गावाकडून चुकीची तार आली होती, असं सांगू. बहिणीने पाठवलेली. तुम्हाला कोण ओळखतंय?"

फुसाने तोंडात येईल ते ऐकवलं. शेवटी मात्र हो म्हणाली. आई थकत चालली होती, पायऱ्या चढताना भिंत धरत होती. तिला एकदा ती हाक ऐकायला मिळते आहे ना, मग आपण खोटी ठरलो तर ठरलो, असा तिने विचार केला. "आजींना मात्र आधी सांगू नका," कुबोता म्हणाला. "चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं हवं."

ठरलेल्या दिवशी फुसा कामावर गेली नाही. तिने सकाळीच चांगली ठसठशीत माकुळं आणली, तांदूळ भरले, वर काडी टोचली आणि भांडं शेगडीवर ठेवलं.

"आज काय आहे?" नोएने विचारलं.

"काही नाही. खावंसं वाटलं."

नोए मागच्या पडवीत दोरी गुंडाळत बसली. वारा होता. तिची पाठ दाराकडं होती. आणि गल्लीच्या तोंडापासून हाक आली.

"आई... मी आलो गं!"

दोरी हातातून सुटली. दगड बंदरावर आहे, तिथलं इथं ऐकू येत नाही, हे कळायला तिला क्षण लागला. मग ती उठली. गुडघे, भिंत, काही तिच्या ध्यानात राहिलं नाही. फुसाने पाहिलं, तर आई घरातून पळत होती आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की फुसाने मान फिरवली. नोएने सरकत्या दाराला हात घातला. बाहेर पायरीशी माणसाची चाहूल होती.

"आलास?" ती म्हणाली. "आधी..."

"थांबा, थांबा!" बाहेरून एक परका आवाज आला. "मोटारसायकल गेली मधून. सगळा आवाज खराब झाला. मिनासेसान, इथूनच, दारापाशी उभे राहून पुन्हा एकदा घेऊ. हुंदका छान होता, तोच ठेवा."

"हो," दुसरा आवाज म्हणाला. मग घसा खाकरल्याचं ऐकू आलं. मग दाराच्या पलीकडं, हातभर अंतरावर, "आई..." बारीकसा हुंदका, "...मी आलो गं!"

तो हुंदका नोए ओळखत होती. वर्षानुवर्षं, झिजलेल्या टेपमधून, फुलांच्या कचऱ्यात उभं राहून तिने तो ऐकला होता. तो कुठं सुरू होतो, कुठं तुटतो, सगळं तिला पाठ होतं. तोच होता. केसाचाही फरक नव्हता.

तिने दार सरकवलं. पायरीवर काळ्या सुटातला, केस रंगवलेला एक माणूस उभा होता. पाठीमागं कॅमेरा, दिवा, लांब काठीला माइक बांधून उभा असलेला पोरगा आणि कुबोता. त्यांच्याही मागं ओनोदेरा आणि निम्मं गाव. त्या माणसाचा चेहरा तिच्याकडं लागला होता. डोळे भरून तयार होते, ओठ थरथरायला तयार होते आणि तो तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होता.

गिऱ्हाईकाला करतात तसा नोएने कमरेतून वाकून नमस्कार केला.

"कोण पाहिजे?"

"आई, मी..."

"मोरिओची आई होय? ती वारली हो," नोए म्हणाली. आवाज मोठा आणि स्वच्छ होता, माइकला काही कष्ट पडले नाहीत. "सगळ्या देशाला ठाऊक आहे. लांबून आलात, पण उशीर झाला. बंदरावर दगड आहे तिचा. बटण जरा जोरात दाबा, अडकतं."

आणि तिने दार लावून घेतलं.

बाहेर बराच गोंधळ झाला. कुबोताने फुसाच्या नावाने हाका मारल्या, दार वाजवलं. कार्यक्रमवाला म्हणत होता की हे दाखवता येणार नाही, हे कसं दाखवायचं. मग दिवा विझला, पेट्या मिटल्याचे आवाज आले, गाडी सुरू झाली आणि माणसं एकेक करून पांगली. फुसा जमिनीवर बसून रडत होती.

"काय केलंस हे? इतकी वर्षं वाट बघितलीस आणि..."

"मोरिओ आला असता तर उघडलं असतं."

नोए शेगडीपाशी जाऊन बसली. तिने भांड्याचं झाकण जरा सरकवलं. गल्लीत आता नुसता वारा होता. तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी पाय हलवला. मग आवाज आला. हळू, खरखरीत, कुठंही हुंदका नसलेला, गावाकडच्या हेलाचा.

"आई. मी आलो गं."

फुसा ताडकन उठली.

"बस खाली," नोए म्हणाली.

"आई, गाडी गेली. कॅमेरा नाही बाहेर. तो एकटा आहे."

नोएने मान वाकडी करून ऐकलं, वाळवणावर वाऱ्यातून ऐकायची तशी. फुसा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. बाहेरची हाक पुन्हा आली नाही, पण पावलंही हलली नाहीत.

"हे चांगलं वठवलं त्याने, हुंदक्यावाचून," नोए शेवटी म्हणाली. "कितीही झालं तरी नट आहे." आणि तिने भांडं शेगडीवरून खाली उतरवलं.